यादीतलं तिसरं नाव

“तिसरं नाव राहील,” कुलूपकाका म्हणाले आणि चिटणीस साहेबांसमोरची खुर्ची ओढून बसले.

साहेबांना याची सवय नव्हती. अंधांसाठी चालवलेल्या त्या संस्थेत काका तेवीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होते. जेवणाच्या डब्यालासुद्धा कुलूप लावणारा माणूस, म्हणून हे नाव पडलं. सांगितलेल्या कामाला त्यांनी ‘नाही’ म्हटलेलं मात्र आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

संस्थेच्या वेबसाइटवर तीन नावांनी येता येई. एक संस्थेचं, एक शाळेचं आणि एक ‘बोलकी पुस्तकं’ या जुन्या ग्रंथालयाचं. तिन्ही नावांचा खरेपणा सांगणारं सर्टिफिकेट एकच, आणि त्याची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. नव्या सर्टिफिकेटच्या अर्जात कोणकोणती नावं घालायची, एवढंच ठरायचं होतं.

“काका, आता एक संस्था, एक ओळख. शाळेचं असू दे, ग्रंथालयाचं काढा. त्या नावानं कोणी आलंच, तर आपोआप मुख्य साइटवर जातं. तुम्हीच करून ठेवलंय ना ते?”

“ठेवलंय की. पण तिकडे वळवणारी ती पाटी दाराच्या आत आहे, साहेब. ब्राउझर दारातच सर्टिफिकेट मागतो. त्यात नाव दिसलं नाही की म्हणतो, पुढे धोका आहे. आत पाऊलच पडलं नाही तर पाटी वाचणार कोण? तशीही आपल्या माणसांना पाटी वाचता येत नाही.”

कोपऱ्यातल्या टायपिस्टबाईंना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

“‘तरीही पुढे जा’ असं बटण असतं ना? दाबतील.”

“घाबरलेला माणूस नाही दाबत. मागच्या खेपेला बाहेरच्या माणसाकडून हेच नाव राहून गेलं होतं. दोनच दिवस. ऑपरेटर मावशींचा फोन आला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यात, ब्याऐंशीच्या आहेत. दिसत नाही, मोबाइल सगळं वाचून दाखवतो. रडत होत्या हो. म्हणाल्या, अरे, ताईंच्या घरात चोर शिरलेत का? मोबाइल म्हणतोय, इथे तुमची माहिती चोरतील. त्यानंतर दीड महिना त्यांनी पुस्तक लावलं नाही.”

ताई म्हणजे ग्रंथालय उभं करणाऱ्या बाई. शेजारच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून त्या नऊ वर्षं पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करत बसल्या, आणि तीनशे बारा घरी स्वतः जाऊन तीनशे बारा मोबाइलमध्ये तो पत्ता घालून आल्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

“नवा पत्ता कळवू सगळ्यांना. हळूहळू.”

“मग नावही हळूहळू काढू. आज नाही.”

“काका, मी सांगतोय तुम्हाला.”

“आणि ताई काय सांगायच्या? ऐकायला बसलेल्या माणसाला मधूनच उठवू नये, त्याच्या शेजारी देव ऐकत बसलेला असतो. तुम्हाला उठवायचं असेल तर लिहून द्या. ग्रंथालयाचं नाव माझ्या सांगण्यावरून वगळलं. खाली सही.”

साहेबांनी पेन उचललं. टोपण काढलं. परत लावलं.

“नाही ना? मग मी लिहितो.” काकांनी अर्जाच्या प्रतीवर लिहिलं, ‘तिन्ही नावं मी घातली. जबाबदारी माझी.’ सही इतकी मोठी केली की ती समासाबाहेर गेली.

“उद्यापासून सगळे पासवर्ड नव्या माणसाकडे,” साहेबांचा आवाज चढला. “तुम्ही टपाल बघा.”

“बघतो. टपालाच्या टेबलावर फोन आहे. तीनशे बारा जणांना फोन करायला पासवर्ड लागत नाही. शेवटच्याला कळवून झालं की मीच येऊन सांगेन, आता काढा.”

काका आपल्या खोलीत आले. प्रत्येक नाव आपलंच आहे याचा पुरावा म्हणून त्या त्या नावाखाली एक छोटी फाइल ठेवावी लागे. त्यांनी तीन ठेवल्या. ग्रंथालयाची ठेवताना नावातलं एकेक अक्षर पुन्हा तपासलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना सर्टिफिकेट आलं. त्यात एकाखाली एक तीन नावं. ते सर्व्हरवर चढवून झाल्यावर त्यांनी सगळे पासवर्ड एका कागदावर उतरवले, कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ऑपरेटर मावशींच्या घरच्या फोनवर फोन लावला. “मावशी, जरा पुस्तक लावून बघता?”

“का रे बाबा? परत चोर?”

“छे हो. पहारा बदललाय फक्त.”

मावशींनी घरच्या फोनचा रिसीव्हर आपल्या मोबाइलजवळ धरला असावा. मग ताईंचा आवाज, कुठल्यातरी प्रकरणाच्या मध्यावर, बिनघाईचा. पाकीट घेऊन काका दारापर्यंत गेले होते. कानाला मोबाइल तसाच होता.

ताईंना खोकला आला. तो त्यांनी कधी कापून टाकला नव्हता.

“थांबा हं, घोटभर पाणी पिते. कुठे जाऊ नका.”

काका परत फिरले आणि खुर्चीत बसले.