देवाच्या पाठीतला स्क्रू

आमच्या निरवांगीच्या बंगल्यातली बाथरूम बघायला माणसं येतात. हे सांगताना माझे धाकटे दीर रविराज यांची मान अशी ताठ होते की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी धरणच बांधलंय. गुलाबी फरशा, त्यांवर निळी कमळं आणि समोर दाराएवढा आरसा. आंघोळ करताना स्वतःकडे कोण बघत बसतं, असं मी एकदा विचारलं होतं. भावजी म्हणाले, वयनी, ते तुमाला कळायचं न्हाय. खरंच नाही कळलं. या घरात माझे केस पिकायला लागले, तरी या लोकांना जगाला नेमकं काय दाखवायचंय ते मला उमगलेलं नाही.

काय दाखवायचं नाही, ते मात्र चांगलं ठाऊक आहे. मेंढरं. माझे सासरे गेणूबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. भावजींचा जन्मच वाटेवर, कुठल्याशा घाटाच्या पायथ्याला झालेला. पुढे पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. आता दारावर 'प्रगतिशील बागायतदार' अशी पितळी पाटी आहे. सासरे वारल्यावर त्यांचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला, तेव्हा भावजींनी फोटोवाल्याला सांगून त्यांच्या खांद्यावरची घोंगडी पुसून टाकली आणि तिथे जरीचं उपरणं काढून घेतलं. मेलेल्या बापाचे कपडे बदलणारा मुलगा मी तरी दुसरा पाहिला नाही.

राहता राहिल्या सासूबाई, बानूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना काही पुसता येत नव्हतं.

त्या वर्षी आत्या गोठ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बारामतीला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, आंघोळ खुर्चीवर बसून करायची. हातात धरायचा शॉवर मिळतो, तो भिंतीला पक्का बसवून घ्या, म्हणजे आजी आपली आपली आंघोळ करतील. 'आपली आपली' म्हटल्यावर आत्यांनी मान वर केली. इतके दिवस नर्स उलटंपालटं करत होत्या, तेव्हा त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. हे मी पाहिलं. त्यांच्या लेकांनी पाहिलं नाही. एक गाडीची किल्ली बोटावर फिरवत होता आणि दुसरा त्या किल्लीकडे बघत होता. दुसरे म्हणजे आमचे हे. मी त्यांचं नाव घेत नाही, आणि घ्यावं असं त्यांनी अजून काही केलेलंही नाही.

भावजींनी बारामतीच्या दुकानातून शॉवर आणला. याला टेलिफोन शॉवर म्हणतात, असं दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं. झालं, दोन दिवस त्यांच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. आमच्याकडं टेलिफोन बसवतोय, असं ते पारावरही सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची साखरबाई दारात हजर. लेकीच्या सासरी बावड्याला फोन लावायचा होता. मी तिला बाथरूममध्ये नेऊन शॉवर दाखवला. तिने तो कानाला लावून बघितला आणि विचारलं, ह्यात बोलायचं कुठनं? मी म्हटलं, ह्यात कुणी बोलायचं नसतं, याच्याबद्दल फक्त आमचे भावजी बोलतात.

बसवायला नागेश फिटर आला. हूक कुठं मारू, म्हणाला. मी सांगितलं, आत्या खुर्चीवर बसल्या की हात पोचेल तिथे. भावजी माझ्याकडे बघून हसले. शॉवर म्हटल्यावर पाणी वरूनच पडणार, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली, शिक्षा झालेल्या पोरासारखा हात सरळ वर केला आणि हुकूम सोडला की हितं मार. मी म्हटलं, आंघोळ तुमची आहे का आत्यांची? त्यावर रविवारी तालुक्याचे पाहुणे चहाला येणार आहेत आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर शॉवर बघून ते काय म्हणतील, असा उलटा सवाल आला.

नागेशने फरशीवर बोट वाजवलं. पोकळ वाजली. मला दारातून ऐकू आलं, त्याला काय आलं नसेल? पण भावजी मागे उभे राहून घड्याळ बघत होते. त्याने भोक पाडलं, भोकात काडेपेटीतल्या काड्या ठोकल्या, त्यांत स्क्रू पिळला आणि हूकला हलकेच हात लावून बसला म्हणून सांगितलं. गणपतीच्या मखराला यापेक्षा जास्त आधार देतात.

पाहुणे आले. चहाच्या आधी बाथरूम झाली. एकाने तोटी फिरवली, पाणी दुसऱ्याच्या बुटांवर उडालं, सगळे पोट धरून हसले. एरवी 'आय' म्हणणारे भावजी पाहुण्यांदेखत 'आई' म्हणतात. हे सगळं आईच्या सोयीसाठी केलंय, असं ते म्हणाले आणि पाहुण्यांनी माना डोलावल्या. आई मागच्या खोलीत होती. तिच्याकडे कुणी डोकावलं नाही.

सोमवारी मी आत्यांना न्हाणीत खुर्चीवर बसवलं. त्यांनी हात वर केला. हूक कुठल्या कुठे वर. हाताला लागली ती लोंबणारी नळी, ती धरून त्यांनी जराशी ओढली. हूक, काड्या आणि अर्धं निळं कमळ, सगळं एकदम खाली आलं. शॉवर आत्यांच्या खांद्यावर आदळला. त्या ओरडल्या नाहीत. आवाज ऐकून भावजी धावत आले आणि पहिल्यांदा वाकून फरशीचा तुकडा उचलला. ही कमळं आता बारामतीतसुद्धा मिळत न्हाईत, म्हणाले. मग त्यांना आई दिसली. आयला वापरता येत न्हाय, ऱ्हाऊ द्या, असा निकाल त्यांनी दिला, शॉवर पुसला आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये नेऊन ठेवला. एका बाजूला फेटा बांधलेला त्यांचा सत्काराचा फोटो, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकचा ताजमहाल, मध्ये शॉवर. हसू नका, खरं आहे.

पुन्हा तांब्या आला. त्या बाथरूममध्ये आरसा मावला होता, पण आत्या, खुर्ची, वॉकर, बादली आणि मी असं काही एकदम मावत नव्हतं. मग दार उघडं टाकून मी उंबऱ्यावर उभी राहायची आणि तिथून पाणी घालायची. समोरून घरातली माणसं ये-जा करायची, गडी खताच्या पिशव्या मोजायला यायचा. आत्या ओलं लुगडं छातीशी धरून डोळे मिटून बसायच्या. डोळे मिटले की आपण कुणाला दिसत नाही असं तान्ह्या पोरांना वाटतं ना, तसं. खांद्यावरचा डाग हिरवा पडत चालला होता.

एक दिवस डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "कौसल्ये, रानात न्हायाला बसलं की दुसरी बाई घोंगडी धरून हुबी ऱ्हायाची. तोंड पल्याड करून. समदा मुलूख उघडा, पर कुणाची नजर पडत नव्हती. हितं चार भिंती हायत आन् आडोसा न्हाय."

मला राग आला. कुणाचा, म्हणून विचारू नका. आरशाचा, कमळांचा, पितळी पाटीचा, सगळ्यांचा आला.

मी शोकेस उघडून शॉवर काढला आणि नागेशला बोलावून घेतलं. हूक खुर्चीच्या उंचीवर, आणि भिंत उपटली तरी निघता कामा नये, असं सांगितलं. नळी आखूड, त्यामुळे हूक नळाच्याच भिंतीला मारायला हवा होता. त्याने अंदाज घेतला, जागा धरली आणि हात मागे घेतला. बरोबर त्या जागेमागे, भिंतीच्या पल्याड, देवघरात देव बसलेले. देवाच्या पाठीत स्क्रू मारायचा त्याला धीर होईना. गेला तो सरळ भावजींना सांगायला.

भावजी आले, मागोमाग आमचे हे. देवाच्या पाठीत भोक पाडायचं म्हणजे घरावर साडेसाती ओढवून घ्यायची, असं भावजी म्हणाले. तुम्हाला घरातलं चांगलं बघवत नाही, असंही म्हणाले. मी विचारलं, नळ्या कमी लागाव्यात म्हणून देवघराला चिकटून संडास-बाथरूम बांधलीत, तेव्हा हा देव कुठं गावाला गेला होता? त्यावर ते प्लॅनमधीच तसं हुतं, असं उत्तर मिळालं. आमच्या ह्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता काही बोलतील. म्हणाले, देवाचं काम हाय, जपलेलं बरं.

तेवढ्यात वॉकरचा टकटक आवाज आला. आत्या कधी उठल्या ते कुणालाच कळलं नव्हतं. त्या देवघरात गेल्या, संगमरवरी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक एकेक करून उचलले आणि पदरात घेतले. बिरोबा, खंडोबा, म्हाळसा. मग तिथल्याच खुर्चीवर बसल्या. भावजी पुढे झाले, आय, असं करू नगं म्हणाले.

आत्यांनी आवाज चढवला नाही. "रविराज, ह्या देवानं घोड्यावर बसून कोकण बघितलंय. एका अंगाला पिठाची पिशवी, दुसऱ्या अंगाला नवी कोकरं, आन् मधी देव. कोकरं मुतायची त्याच्यावर. तवा रागावला न्हाय. माझ्या न्हाण्यानं रागावंल व्हय?"

"लोकं काय म्हणतील, आय?"

"लोकं माझ्या न्हाणीत कशाला येत्यात?"

भावजी बाजूला सरले.

नागेशने कामाला हात घातला. आता त्याने एकेक फरशी वाजवली आणि भरीव वाजली तीच धरली. खिळ्याने आधी बारीकसा टोचा पाडला, म्हणजे ड्रिल घसरत नाही. त्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे फरशी तडकत नाही. मशीन हळूहळू चालवलं, भोकातली भुकटी फुंकून काढली, प्लॅस्टिकची गट्टी ठोकली आणि न गंजणारे पितळी स्क्रू आवळले. हे सगळं त्याला येत होतं. पहिल्या वेळीही येत होतं. पण पाहुण्यांना नुसतं बघायचं होतं, आणि बघण्यापुरत्या काड्या पुरतात. मी दोन्ही हातांनी हूक ओढला, पाय भिंतीला लावून ओढला. तो जागचा हलला नाही. देवघराच्या बाजूला चिमूटभर सिमेंट पडलं, ते आमच्या ह्यांनी कुणी न सांगता हाताने गोळा केलं. तेवढ्यावर मी काही नाव घेणार नाही.

आत्यांनी माझ्याकडून ट्रंकेतली घोंगडी मागवली. सासऱ्यांचीच ती, फोटोतून गेलेली. कडा कसरीने खाल्ल्या होत्या, पण ऊब तीच. देव तिच्यात ठेवून, जसे प्रवासात बांधायचे तसं गाठोडं बांधून, त्यांनी ते भावजींच्या दोन्ही हातांवर ठेवलं.

"धर. आन् तोंड पल्याड कर."

भावजींनी आमच्या सगळ्यांकडे बघितलं. मदतीला कुणी आलं नाही. ते वळले आणि बाथरूमच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले, हातात घोंगडीचं गाठोडं घेऊन.

आत्या आत गेल्या. मी सवयीने मागोमाग निघाले, तर त्यांनी वॉकर आडवा घातला. "तूबी भायेर. दार वढून घे."

मी दार ओढून घेतलं. मग आतून कडी लागली. मग पाणी. तांब्याचं पाणी धबकन पडतं, थांबतं, पुन्हा पडतं, ते मी इतके दिवस ऐकत होते. हे न थांबता वाहत होतं. मध्येच हूकला शॉवर टेकवल्याचा आवाज यायचा, साबण लावायला वेळ जायचा, पुन्हा उचलल्याचा आवाज यायचा. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

भावजींचे हात अवघडले असावेत. मान न वळवता त्यांनी हळूच विचारलं, "वयनी, ह्ये कुठं ठिवू?"

"कुठं न्हाय," मी म्हटलं. "आयची अंघूळ हुईस्तवर धरा."