अंगारा आणि सुंदराची पाठ

सुंदराला चेटकीण ठरवून टिकाराम महाराजाला काय मिळणार होतं? रोजचा कोंबडा, नारळांची पोती आणि अल्लीपूरभर धाक. त्यातला धाक सगळ्यात किफायतशीर, त्याला भांडवल लागत नाही.

देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस वेचणाऱ्या विमलाबाईच्या टोळीत बायांच्या कमरेवर लाल, गोल, खाजरे चट्टे उठले होते. महाराजाने अंगारा चोळला की चट्टे फिके पडत. चमत्कारच! आणि कारण? महाराज डोळे पांढरे करून सांगे, "सुंदरा झोपेत येऊन चावते. दाताचा गोल उमटते."

चट्टा त्याच टोळीत वेचणाऱ्या सुंदराच्या कमरेवरही होता. ती म्हणाली, "मंग मी मलेच चावली काय, महाराज?"

लोक हसले. तेच तिला भोवलं.

विमलाबाईनं आणि दुसऱ्या एकीनं तिचे हात धरले. महाराजाची लोखंडी साखळी तिच्या पाठीवर उतरली. आधी पोलकं फाटलं, मग कातडी.

"बोल, गाव सोडतं का नाई?"

"तूच सोड, मुडद्या!"

पुन्हा साखळी. रक्त पायरीवर ओघळलं. महाराजानं उघड्या जखमेत मूठभर अंगारा कोंबला. सुंदरा किंचाळली, तशी विमलाबाई समाधानानं म्हणाली, "पहा, भूत निघून राह्यलं!"

"भूत नाई, जीव निघून राह्यला तिचा!" आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर शाल्मली गर्दी फोडत आल्या. महाराजानं त्यांच्यावरही साखळी उगारली. ती मनगटावर बसली. त्यांनी ती घट्ट धरून ओढली. महाराज तोंडावर आपटला, आसन उलटलं आणि खालून त्वचेवर लावायच्या बुरशीनाशक पावडरचे रिकामे डबे घरंगळत आले. औषध दुकानात कोणालाही मिळतात, तेच.

"हा तुमचा अंगारा. औषधात राख कालवलेली," डॉक्टर म्हणाल्या. "चट्टा म्हणजे नायटा. बुरशी. विमलाबाई, कापूस भरायला कमरेला फडक्याची ओटी बांधता, ती कोण कोणाची बांधते?"

"ढिगातून हाती येईन ते, बाई."

"दवानं ओली?"

"सकाळची वेचणी. ओलीच राह्यते."

"मंग चेटकीण त्या फडक्यात हाये. आपली ओटी आपणच बांधा, धुऊन उन्हात वाळवा. कंबर धुवून, पुसून कोरडी करा, मग पावडर पातळ भुरभुरवा. चट्टा गेला तरी सांगितले तेवढे दिवस लावा, आणि पसरला तर दवाखान्यात या. फाटलेल्या कातडीवर मात्र कधीच नाई."

"पण अंगारा लागू झाला ना?" विमलाबाई पुटपुटली.

"औषध लागू झालं. साखळी कोणाले लागू झाली?"



आता हिशेब मिटवू. महाराज कोठडीत गेला, पण कोंबडे आधीच पचले होते. टोळीची खाज राखेशिवाय, नुसत्या पावडरीनं आणि कोरड्या ओटीनं थांबली. सुंदराची पाठ पिकली. ती वर्ध्याच्या दवाखान्यात पालथी पडून आहे, आणि जेवणाचा डबा घेऊन जाणाऱ्या विमलाबाईकडे अजून तोंड वळवत नाही.

बाबांनो, अंगावर चट्टा उठला तर आधी ओला फडका बघा, डॉक्टरला विचारा. शेजारणीचे दात मोजू नका. खाज साऱ्या टोळीची होती, किंमत एकट्या सुंदराच्या पाठीनं भरली.