इंजिन तापलं नव्हतं

वीज कंपनीतून निवृत्त झाल्यावर धर्मपाल तायडे यांनी भंगारातली जुनी ऑइल इंजिनं जमवायला घेतली. अकोल्यातल्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, ते ती दुरुस्त करतात. बाकीची हौसेची. बार्शीटाकळीजवळच्या आपल्या गावच्या पीठगिरणीचं इंजिन मात्र ते मुद्दाम शोधत होते.

त्या गिरणीत त्यांच्या बौद्धवस्तीचं दळण शेवटी लागे. पाळी आली की मालक गिरणी फिरवणारा पट्टा इंजिनावरून उतरवत आणि सांगत, इंजिन तापलं, उद्या या. धर्मपाल यांच्या आई इंदूबाई ज्वारीचं टोपलं तसंच परत आणत आणि जात्यावर बसत.

सापडलं तेव्हा इंजिनाचा पिस्टन गंजून अडकला होता. धर्मपाल यांनी तो रॉकेलमध्ये भिजवून मोकळा केला, वॉल्व्ह घासून बसवले, पाण्याचे पाइप बदलले. अमरावतीच्या कृषी प्रदर्शनात त्यांनी इंजिनासोबत गिरणीही मांडली. ज्याला हवं त्यानं दळून न्यावं.

सकाळीच गिरणीमालकांचा नातू गजेंद्र आला. आजोबांचं इंजिन पाहून तो खरंच हरखला. त्यानं फलक करून आणला होता: आजोबांचं नाव, खाली ‘अवघ्या गावाची सेवा’. आयोजकांनीही तो लावायला सांगितलं; नाही तर इंजिन मंडपाबाहेर.

“नाव लावतो,” धर्मपाल म्हणाले. “खालची ओळ नाई लावत.”

“काहून? सारं गाव तिथंच दळे ना, काका?”

“आमाले इंजिन तापलं म्हणून वापस पाठवत.”

“जुनं इंजिन. तापलंच असन.”

“मंग बस इथं. अन् पाह्य.”

गजेंद्र हट्टानं बसला. सकाळी सुरू केलेलं इंजिन थांबलं नाही, दळणाची रांग सरकत राहिली. दुपारी आयोजकांचा पुन्हा निरोप आला, फलक लावा. धर्मपाल यांनी टाकीत डिझेल ओतलं. उन्हं कलली तेव्हा त्यांनी गजेंद्रला इंजिन थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरायला लावला. पाणी कोमट होतं. गजेंद्रनं हात बराच वेळ तिथंच ठेवला. मग फलक उलटा करून मंडपाच्या खांबाला टेकवला.

आयोजकांची माणसं आली. इंजिन बंद करा, बाहेर न्यायचं आहे.

“न्या ना,” धर्मपाल म्हणाले. “पन बंद मी करत नाई. चालू इंजिन उचला.”

कोणी हात लावला नाही. रांगेतली शेवटची बाई टोपलं घेऊन पुढं आली. पट्टा फिरतच होता.