गिळलेला घोट

दारूच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढूनही दारूचा एक थेंब ज्याच्या घशाखाली उतरला नाही, असा माणूस बघायचा असेल तर नाकसाहेबांना बघावं. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. गेटवरच्या पहारेकऱ्यापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना नाकसाहेबच म्हणत, कारण कोणती व्हिस्की बाटलीत जाणार आणि कोणती पिंपात परत, हे त्यांच्या नाकावर ठरायचं.

पद्धत ठरलेली. सकाळी अकराला चाखणीच्या खोलीत निळ्या काचेचे पेले मांडायचे. निळे का, तर रंग बघून माणसाने आधीच मत बनवू नये. हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा, काम शिकवणाऱ्या गुरूच्या जुन्या पिकदाणीत थुंकायचा आणि तक्त्यातले रकाने भरायचे: गंध, अंग म्हणजे दाटपणा, चव, शेवट म्हणजे मागे रेंगाळणारी चव, दोष. गुरूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गिळलंस की संपलास." जिभेला चटक लागायला नको म्हणून नाकसाहेब घरीही कधी प्यायले नाहीत. बाहेरच्यांना हे खोटं वाटे. पण दिवसभर भट्टीपुढे उभा असलेला बेकरीवाला घरी जाऊन पाव थोडाच खातो!

तर अशा माणसाचा एका व्हिस्कीवर भारी राग. दालचिनीची. बाजारात खपायला सगळ्यांच्या पुढे आणि तिला नावं ठेवायलाही सगळेच पुढे. "ते खोकल्याचं औषध आहे," नाकसाहेब म्हणत. "कच्ची दारू, वर साखरेचा पाक. वरून कीर्तन, आतून तमाशा."

आणि मग साडूच्या वाढदिवसाला घोटाळा झाला.

साडूचा फरशांचा धंदा. घर चकाचक, दिवाणखान्यात पांढराशुभ्र गालिचा. त्याने हौसेने एक पेला नाकसाहेबांच्या हातात कोंबला आणि म्हणाला, "भावजी, आज तुमचं मत पाहिजेच." वास येताच नाकसाहेबांना कळलं, दालचिनी. पण साडूला दुखवायचं कसं? घेतला घोट. घोळवला. आणि सवयीने पिकदाणी शोधायला लागले. डावीकडे गालिचा, उजवीकडे मेहुणी, समोर साडूचा आशाळभूत चेहरा. इकडे आड, तिकडे विहीर. नाकसाहेबांनी गिळला.

घशातून काहीतरी गरम, गोड, दांडगट असं खाली उतरलं आणि छातीत जाऊन बसलं. मग त्यांनी पेला रिकामा केला आणि पुढे धरला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही दुसरा मागितलात."

"मागितला खरा."

"ते खोकल्याचं औषध ना?"

"औषधच आहे. अगदी भिकार आहे."

"मग मागितलात कशाला?"

नाकसाहेब पायमोजे काढत बसून राहिले. एका पायातला काढायला त्यांना बराच वेळ लागला.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आवडली तर आवडली, सोडून द्या. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना चवीची कारणं सांगितली त्याला स्वतःच्या आवडीचं कारण सापडू नये? त्यांची झोप उडाली. ते चार बसथांबे पलीकडच्या दुकानात गेले, इकडेतिकडे बघत एक बाटली घेतली आणि दुकानदाराने काही विचारायच्या आतच "साडूसाठी आहे" असं सांगून मोकळे झाले. स्वयंपाकघरात त्यांनी रीतसर प्रयोग मांडला. थुंकून पाहिली: गचाळ. गिळून पाहिली: छान. मग वाटलं, गिळलं की सगळंच छान लागत असेल. म्हणून स्वतःच्या कारखान्याची बारा वर्षांची, जिच्यावर त्यांचा जीव होता ती, पहिल्यांदाच गिळली. उत्तम होती. खोड काढायला जागा नव्हती. पण दुसरा घोट घ्यावासा मात्र वाटला नाही.

बायको ओट्याला टेकून हे सगळं बघत होती. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही जे करत होतात," तिने विचारलं, "ते काय होतं?"

"काम होतं," नाकसाहेब चिडून म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं, कारण तिने चिडवायला विचारलं नव्हतं.

हा गुंता सुटायच्या आतच कारखान्यात नवीन पेच उभा राहिला. नाकसाहेबांच्या हाताखाली दहा वर्षं एक बाई होती, चाळिशीची, नाकाने तिखट आणि स्वभावानेही. सगळे तिला धाकटं नाक म्हणत. तिने मालकांना सांगून कारखान्याची स्वतःची दालचिनीची व्हिस्की बनवली होती. नमुना तयार होता. आदल्या संध्याकाळी ती नाकसाहेबांना कोपऱ्यात गाठून म्हणाली, "सर, तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. पण हे नाकारलंत तर मी जाणार. दुसरीकडून बोलावणं आलंय. इथे तुमच्या मागे मागे तुमच्यासारखंच थुंकत म्हातारी व्हायचं नाहीये मला."

पोटच्या पोरीसारखी शिकवली होती तिला. खोटं लिहून तिला ठेवून घ्यावं, तर एकतीस वर्षांच्या शब्दाचं काय? खरं लिहावं, तर खरं नेमकं कोणतं, थुंकलेलं की गिळलेलं?

सकाळी अकरा वाजता तिघं बसले. मालक, नाकसाहेब, धाकटं नाक. एकच निळा पेला. नाकसाहेबांनी हुंगलं, घोळवलं, थुंकलं आणि रकाने भरले. गंध: एकसुरी. अंग: पातळ. चव: साखर पुढे, बाकी मागे. शेवट: नाही. दोष: तीन, खाली सविस्तर. एकही अक्षर खोटं नव्हतं. मालकांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "म्हणजे नको. ठीक आहे."

धाकट्या नाकाने आपली वही उचलली आणि ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा इतका कोरा झाला होता की नाकसाहेबांना तो बघवेना.

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी पेल्यात उरलेली उचलली आणि त्या खोलीत, गुरूच्या पिकदाणीसमोर, सरळ गिळली. डोळ्यांत पाणी आलं. "मला आवडते," ते म्हणाले.

मालक कागदाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघायला लागले. "मग हे काय लिहिलंय?"

"ते पण बरोबर आहे."

"नाकसाहेब, दोन्ही कसं बरोबर असेल?"

"मला माहीत नाही हो." हे शब्द मालकांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. नाकसाहेबांनीही नव्हते. ते घाईघाईने धाकट्या नाकाकडे वळले. "तूच सांग. तुला का आवडते?"

ती खाली बघत म्हणाली, "मी कधी प्यायलेच नाही, सर."

"तूच बनवलीस ना?"

"बनवली. दीडशे वेळा चाखली आणि दीडशे वेळा थुंकली. तुम्हीच शिकवलंत."

मालक हसले, पण बाकी कुणी हसत नाही म्हटल्यावर थांबले. नाकसाहेबांना आता लाज वाटत होती, की कीव येत होती, की दोन्ही, ते त्यांचं त्यांनाच उमगेना. त्यांनी बाटली घेऊन पेला भरला आणि तिच्यापुढे सरकवला. तिने वही टेबलावर ठेवली, डोळे मिटले आणि औषध घ्यावं तशी गिळली.

ती खोकली. दोनदा. मग बसली आणि वही उघडली. "दालचिनी जास्त झालीये," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "जिभेवर कळतच नाही, खाली उतरल्यावर जाळते. दीडशे वेळा चुकले मी." पेन्सिल शोधत तिने मालकांना सांगितलं, "मला महिनाभर द्या. पहिल्यापासून करते." त्या दुसऱ्या नोकरीचं नावही तिने काढलं नाही.

मालकांनी मान डोलावली. नाकसाहेबांना हायसं वाटायला हवं होतं. पण तिने वहीत "दालचिनी निम्मी" असं लिहिलेलं त्यांनी पाहिलं आणि तिच्या पेन्सिलीवर बोट ठेवलं.

"निम्मी नको करू," ते म्हणाले.

"का, सर? जाळतेय की."

"हो, जाळते," नाकसाहेब म्हणाले. "मला तर तेच आवडलंय."