कानावरून पैलवान

कोल्हापुरात माणसाचं तोंड मागाहून बघतात, आधी कान बघतात. कान फुटून भज्यासारखे झालेले असले की तो पैलवान. मग त्याला आधार कार्ड विचारायचं कारण उरत नाही.

यल्लाप्पाचे दोन्ही कान फुटलेले होते. पण आखाड्याच्या मातीत त्यानं जन्मात पाय ठेवला नव्हता. गडहिंग्लजच्या बाजारात उभी हयात हमाली केली. मानेवरच्या पोत्यांनी घासून घासून कानांची ती गत झाली होती. रोज त्याची बायको आक्काताई एरंडेल कोमट करून कानांना लावायची आणि म्हणायची, "ह्या कानांनी माझं कधी ऐकलं न्हाय, तरी तेल मीच लावायचं."

आक्काताई गेली. मूलबाळ नव्हतं, घराकडं बघवेना, म्हणून यल्लाप्पा कोल्हापुरात गंगावेशीमागं एक खोली घेऊन राहिला. आठ-आठ दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. बोलायची सवय मोडू नये म्हणून तो भिंतीवरच्या पालीला "जेवलीस काय" असं विचारायचा. ती पालसुद्धा पुढं पुढं कंटाळून शेजारच्या खोलीत राहायला गेली. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्याला विचारा.

एका संध्याकाळी तो दूध कट्ट्यापाशी जाऊन उभा राहिला. तिथं म्हशी रस्त्याकडेलाच बांधलेल्या असतात. समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. दूधवाल्या धैर्यशीलनं मान वर केली, कान बघितले.

"पैलवान, उभं का? बसा की."

कोण पैलवान आलाय म्हणून यल्लाप्पानं मागं वळून बघितलं. मागं फक्त म्हैस होती.

तेव्हाच तो "मी न्हवं" म्हणाला असता. पण कट्ट्यावरची दोन म्हातारी माणसं त्याच्यासाठी सरकून बसली होती. आक्काताई गेल्यापासून त्याच्यासाठी कुणी सरकलं नव्हतं. तो बसला.

"लगीन न्हाई केलंसा वाटतं," धैर्यशील धार काढता काढता म्हणाला. "जुनी पैलवान माणसं मारुतीरायाची. बायकोची भानगडच न्हाय."

यल्लाप्पाच्या तोंडात दूध होतं. त्यानं नुसती मान हलवली. तेवढ्यानं सगळा संसार पुसला गेला.

पुढं रोज जाणं आलं. पोटाला दूध सोसत नव्हतं, पण पैलवानानं चहा मागायचा कुठल्या तोंडानं? आणि पैलवान म्हटला की कुस्त्या सांगणं आलं. यल्लाप्पानं एकच पथ्य पाळलं: पाडायचा तो मेलेला मल्ल पाडायचा. मेलेला माणूस तक्रार करत नाही. राधानगरीकडचा विजयसिंह एकेकाळी मैदानं गाजवून गेला नि मागंच वारला, असं कट्ट्यावर बोलणं निघालं होतं. यल्लाप्पानं तोच उचलला. पावसाळ्यात गोष्टीतला विजयसिंह साधा चीतपट व्हायचा. दिवाळीपर्यंत तो असा आपटायला लागला, की जत्रेतल्या म्हशींनी तीन दिवस पान्हा सोडला नाही. धैर्यशीलनं ही कुस्ती यल्लाप्पाच्या तोंडून मोबाईलवर घेतली, वर 'ब्रह्मचारी पैलवान' असं नाव दिलं आणि सोडून दिली गावभर.

मग एका संध्याकाळी रिक्षातून एक उंच, वाकलेला म्हातारा काठी टेकत उतरला. त्याचे कान यल्लाप्पापेक्षा वाईट होते.

"यल्लाप्पा पैलवान कोण?"

"हे काय बसल्यात. आपण कोण, पावणं?" धैर्यशीलनं विचारलं.

"विजयसिंह. राधानगरीकडचा."

कट्ट्यावरचे ग्लास खाली आले. मग कुणीतरी म्हणालं, "तुमी तर वारला हुता."

"व्हय, मीबी ऐकलंय तसं. म्हटलं, जाऊन खात्री करून यावी."

यल्लाप्पाचे पाय चपला शोधायला लागले. आता इथून उठायचं, आणि परत त्या खोलीत जायचं.

"ह्यांनी ढाकेचा डाव मारून तुमाला पाडलं म्हणत्यात," धैर्यशील म्हणाला. "खरं काय ते तुमीच सांगा."

विजयसिंहानं एकेका तोंडाकडे बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते, वाट बघत होते. किती दिवसांनी माणसं त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती कुणास ठाऊक. त्यानं काठी बाजूला ठेवली.

"खरं हाय. ढाक अशी बसली की अजून थंडीत कंबर धरती."

माणसं पुन्हा सरकली. विजयसिंह यल्लाप्पाशेजारी बसला आणि दोन ग्लास दूध प्याला.

नंतर दोघं रंकाळ्याच्या रस्त्यानं चालत निघाले.

"घरात कुणी माझं नाव काढत न्हाय," विजयसिंह म्हणाला. "नातवंडं म्हणत्यात, म्हातारा पूर्वी कायतरी करत हुता. तुमच्या त्या गोष्टीत मैदान भरलंय, माणसं माझ्या नावानं वरडत्यात. फकस्त एक करा. मला जरा जास्त टिकवा. पडायचं हाय ते पडतो की."

यल्लाप्पाला एकदम मोकळं वाटलं. ह्या माणसाला सगळं ठाऊकच होतं. ह्याच्यापासून काय लपवायचं?

"मी पैलवान न्हाय, तुमाला म्हाईत हाय. मला बायको हुती. आक्काताई—"

"न्हवती," विजयसिंह म्हणाला.

"हुती वो. रोज एरंडेल घिऊन—"

"न्हवती म्हणतो न्हवं." विजयसिंह थांबला. आवाज हळू होता, काहीतरी मागावं तसा. "मला पाडलं ते ब्रह्मचारी पैलवानानं. संसारी माणसाकडनं पडलो, तर मग मी कोण ऱ्हायलो? ऱ्हाऊ द्या की एवढं."

यल्लाप्पानं पुढं पाऊल टाकलं. दोघं चालत राहिले.

आता रोज दोघं जोडीनं कट्ट्यावर असतात. विजयसिंह बराच वेळ टिकतो आणि मगच पडतो. यल्लाप्पा कुठं अडखळला तर मधेच पुढचं सांगतो. परवा एका नव्या गिऱ्हाइकानं यल्लाप्पाला विचारलं, "तुमी लगीन का न्हाई केलंसा?"

"कुस्तीपायी," त्याच्या आधी विजयसिंहच म्हणाला.

यल्लाप्पानं ग्लास तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली घेतला नाही.