सायीच्या रंगाचा गालिचा

"अहो, गालिच्यावरून उतरा आधी."

पंपकाका दचकून बाजूला झाले. त्यांच्या पायाखाली चिकटपट्टीने जोडलेले जुने पेपर होते. आठवडाभर ते बाहेरच्या खोलीत तसेच पसरलेले होते. गालिचा केवढा हवा हे दुकानात नाही, घरात ठरवायचं, असं पंपकाकूंचं मत होतं. म्हणून त्यांनी पेपर जोडून गालिच्याएवढा तुकडा केला, तो दिवाणापुढे टाकला, मग खिडकीकडे सरकवला, मग दार उघडताना घासतो म्हणून एका बाजूने कापला. आता त्याच्याभोवतीने चालायची त्यांना सवय लागली होती.

"अजून पेपरच आहे तो," पंपकाका म्हणाले.

"म्हणून काय झालं. पायांना आत्तापासून वळण नको?"

"आई, हाच राहू दे ना," आतल्या खोलीतून लेक म्हणाली. "बसता बसता वाचूनही होईल."

दोघांना नावाने हाक मारणारं गल्लीत कुणी उरलं नव्हतं. टाकीत पाणी चढेनासं झालं की लोक पंपकाकांकडे यायचे, ते नसले तर निरोप पंपकाकूंकडे ठेवायचे. मोटर जळली आहे की पंपाने नुसती हवा धरली आहे, हे काकूंनाही एव्हाना सांगणाऱ्याच्या बोलण्यावरून कळू लागलं होतं. लग्नानंतरची सगळी वर्षं भाड्याच्या तळमजल्यावर गेली. तिथली फरशी कायम दमट. गालिचा टाकला असता तर महिन्याच्या आत कुबट वास सुटला असता. आता या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या, कोरड्या आणि स्वतःच्या. स्वतःचं घर झालं की आधी गालिचा, हे लेकीला पाढ्यासारखं पाठ होतं. नोकरी लागल्यावर तिने आईला काय हवं ते विचारलंही नाही. सरळ म्हणाली, "रविवारी जाऊ या."

निघायच्या वेळी पंपकाका न्हाणीघरात अडकले होते. आधी रॉकेलचा वास आला, मग साबणाच्या चुऱ्याचा. पाणी वाहतच राहिलं.

"अहो, गालिचा बघायला जायचंय, मुलगी नव्हे," काकू दारातून म्हणाल्या.

काका बाहेर आले तेव्हा त्यांचे हात घासून लालबुंद झाले होते. तळव्यांच्या रेषा आणि नखांच्या कडा मात्र काळ्याच होत्या. ग्रीस कातडीत मुरलं होतं. ते आता साबणाचं ऐकत नसे.

दुकानात शिरताच काकू थबकल्या. लोखंडी दांड्यांवर गालिचे टांगलेले होते आणि त्या दांड्या पुस्तकाच्या पानांसारख्या उलटता येत होत्या. काकूंनी एक उलटली. मग दुसरी. मग त्यांना आवरणं कठीण झालं.

"हा बघ गं. नको, हा बघ. हा नको बाई, रोज सकाळी उठून याच्याशी भांडण होईल. आणि हा, हात लाव, मांजराच्या पोटासारखा आहे."

जमिनीवर अंथरलेल्या एका गालिच्यावर त्या चपला काढून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही म्हणावं मिटा."

दुकानातला विक्रेता हसत पुढे आला. "मावशी, कसा दाखवू?"

उत्तर ओठावरच होतं. "मळखाऊ दाखवा काहीतरी. यांचं काम पंपाचं आहे ना, आमच्याकडे मळखाऊच लागतं."

पडदे घेताना त्यांनी हेच सांगितलं होतं, चादरी घेताना, दिवाणाचं कापड घेताना, लेकीचं दप्तर घेतानासुद्धा. त्यांचं सगळं घर तपकिरी आणि करड्या रंगाचं होतं. विक्रेत्याने एक जाड तपकिरी गालिचा काढला. "यावर काहीही सांडा मावशी, तुम्हालाच सापडणार नाही." गालिचा खरोखरच चांगला होता. काकूंनी पिशवीतला पेपरांचा तुकडा उलगडून त्यावर ठेवला. माप बरोबर बसलं.

"अहो, हात लावून बघा," त्या म्हणाल्या. शेजारी कुणी नव्हतं.

पंपकाका दुकानाच्या दुसऱ्या टोकाला एका गालिच्यासमोर उभे होते. दुधावरच्या सायीच्या रंगाचा, कडेला बारीक निळी रेघ असलेला. बिघडलेल्या पंपापुढे उभं राहून आधी नुसतं ऐकायचे, तशी मान पुढे करून ते बघत होते. हात पाठीमागे होते, एकात एक गच्च धरलेले.

"काका, फिरवा ना हात," विक्रेता तिकडे जात म्हणाला.

"नको, नको. दिसतोय की छान."

विक्रेत्याने स्वतःच तळवा फिरवला. हात गेला तिथे गालिचा गडद झाला. उलटा फिरवल्यावर पुन्हा फिका. "रंग बदलत नाही काका. लव ज्या बाजूला झोपते तसा दिसतो."

"अरे वा," काका म्हणाले. "परत करा बरं."

विक्रेत्याने परत केलं. काका खुदकन हसले. हात मात्र पाठीमागेच राहिले.

काकू त्या हातांकडे बघत होत्या. दर वेळी 'मळखाऊ' म्हणताना त्यांना कापडाबद्दल बोलायचं असे. दर वेळी हा माणूस शेजारी उभा असे, पिशवी धरून. त्याला ते कुणाबद्दल ऐकू येत असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"हा द्या," त्या म्हणाल्या.

"तपकिरी ना?"

"नाही. हा. सायीच्या रंगाचा."

लेकीने आईकडे बघितलं आणि पेपर उचलून माप बघायला घेतलं. पंपकाका जवळ आले, हळूच म्हणाले, "अगं, वेड लागलंय का तुला? मी राहतो त्या घरात."

"माहितेय," काकू म्हणाल्या. "मीही तिथेच राहते."

गुंडाळी तिघांनी मिळून वर नेली. जिन्याच्या वळणावर पंपकाका विहिरीत पंप सोडताना द्यायचे तशा सूचना देत होते. "सावकाश. तुझ्याकडून सैल सोड. हां, आता घे." गालिचा उलगडला तशी खोली उजळली. काकू त्यावर आडव्या झाल्या, लेक लोळली, दोघी उगाचच हसत सुटल्या. काका दारात उभे राहून बघत होते. मग ते भिंतीला खांदा घासत, फरशीच्या उरलेल्या पट्टीवरून आत गेले.

पुढे रोज ते तसेच जात. चहा दाराजवळच्या खुर्चीत घेत. काकूंनी काही दिवस दम धरला.

एका दुपारी लेक कामावर होती. काका अंघोळ करून आले तर काकू गालिच्याच्या मधोमध कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"इकडे या."

"इथे बरा आहे."

"मग मी काय गच्चीवरून बोलल्यासारखं ओरडत बोलू?"

काका आले. मांडी घालायला गुडघा तयार होईना, म्हणून पंपाच्या खड्ड्यात झोपत तसे पाठीवर झोपले. हात छातीवर.

"मऊ आहे गं," ते छताला म्हणाले.

"हात खाली ठेवा."

"नको."

काकूंनी त्यांचा उजवा हात मनगटाशी धरून गालिच्यावर टेकवला आणि वर आपला हात ठेवून जरा दाबून धरला. हळूहळू त्या हाताची बोटं पसरली.

थोड्या वेळाने काका उठून बसले आणि त्यांचा चेहरा उतरला. गालिच्यावर पंजा उमटला होता. पाचही बोटांचा, गडद.

"बघ. म्हटलं होतं मी तुला." ते ओल्या फडक्यासाठी उठू लागले.

काकूंनी वाकून पंजाच्या एका बोटावरून तळवा उलटा फिरवला. बोट नाहीसं झालं.

"लव आहे ती. दुकानात एवढं दोनदा करून घेतलंत ना?"

काकांनी गालिच्याकडे बघितलं, मग आपल्या तळव्याकडे. उरलेला पंजा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला. पुन्हा हात टेकवला, या वेळी बोटं ताणून. उमटला. पुसला. पुन्हा उमटवला. तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी टाकीत पाणी चढत नव्हतं. काका उठले आणि बोलता बोलता गालिच्याच्या मधूनच दारापर्यंत गेले.

संध्याकाळी लेक आली. चपला काढताना तिचं लक्ष गालिच्यावरच्या गडद खुणेकडे गेलं.

"आई, डाग पडला का गं?"

"नाही," काकू म्हणाल्या. "तू बाजूने ये."