डावखुरी मूठ

"जेवायच्या टेबलावर पिस्तूल! उद्या रणगाडा आणा, फ्रिजशेजारी मावेल," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मटार सोलायला त्या मुद्दाम माझ्याच शेजारी बसल्या होत्या. "आणि तुझा एखादा स्क्रू माझ्या मटारात गेला, तर ज्याच्या दाताखाली येईल त्याने भोगावं."

"आई, शनिवारपर्यंतच."

"इतकी वर्षं माळ्यावर पडलं होतं, तेव्हा नाही कुणाला शनिवार आठवला."

शनिवारी सासऱ्यांच्या जुन्या नेमबाजी क्लबाचे सेक्रेटरी येणार होते. क्लबाने काचेचं कपाट केलं होतं. त्यात जुन्या विजेत्यांची पिस्तुलं मांडायची आणि प्रत्येकाखाली नाव कोरलेली पितळी पाटी. सासऱ्यांनी फोनवरच छाती फुगवली, "अहो, चालू करून देतो! माझी सून कारागीर आहे."

सून शिलाई मशिनी दुरुस्त करते. तेही कुणी शिकवलेलं नाही. एक मशीन उघडली, तिच्यासमोर बसून रडले, मग बंद केली, ती चालली. पिस्तुलाशी माझी तोंडओळखही नव्हती. पण स्प्रिंग ती स्प्रिंग, आणि हे हवेचं पिस्तूल, दारूगोळ्याची भानगड नाही. स्प्रिंग सुटते, हवा दाबली जाते, छर्रा पळतो.

सासऱ्यांच्या मते ते लष्करी होतं, कारण हिरवं होतं. मी चिंधी तेलात बुडवून घासलं, तर ती हिरवाई आमच्या फाटकाच्या रंगाची निघाली. खालून वर आलं गडद निळं पोलाद! मग एक नंबर. नेम बारीक सरकवायचा एक इवलासा स्क्रू. मी फोनवर जुन्या पिस्तुलांचे फोटो चाळत बसले. घोडा जुळेना, घोडा जुळला तर नळी जुळेना. आणि मग एकदम सगळंच जुळलं. स्पर्धेसाठी बनवलेलं पिस्तूल, मोजकेच नग, शौकीन लोक जिवाचं रान करून शोधतात असलं! मी अशी किंचाळले की नवरा गालावर साबण घेऊन धावत आला.

"काय झालं? बोट गेलं?"

"बोट नाही रे, खजिना सापडला!"

एकच गोष्ट फोटोशी जुळत नव्हती. लाकडी मूठ. अंगठा टेकवायचा उंचवटा फोटोत एका बाजूला, आमच्याकडे बरोबर उलट बाजूला. शिवाय कुणीतरी कानशीने घासून ती बारीक केलेली. उजव्या हातात धरली तर बोचली. डाव्यात धरली आणि अशी बसली, जशी एखादी मैत्रीण हात हातात घेते.

शेजारी सासूबाई डाव्या अंगठ्याने शेंगा फोडत होत्या. त्यांच्या डावखुऱ्या कात्रीला मीच धार लावते. मी पिस्तूल खाली ठेवून उठले.

सिंकपाशी नवऱ्याला गाठलं. तो कुजबुजला, "लहानपणी दुपारी मागच्या अंगणातून फट् फट् ऐकू यायचं. बाबा तेव्हा ऑफिसात असायचे."

"मग कधी विचारलं नाहीस?"

"शोकेसमधला तो नेमबाजीचा कप बाबा रोज स्वतः पुसतात. विचारणार कोण? तू?"

ज्या स्पर्धेचा तो कप, ती टपालाने व्हायची. घरी पुठ्ठ्याच्या कार्डावर नेम मारायचे, कार्ड पाकिटात घालून पाठवायचं, तिकडे कुणीतरी भोकं मोजायचं. आणि त्या काळी क्लबात बायकांची नावं फक्त चहाच्या पाळीत असायची. कार्डांवर नाव सासऱ्यांचं गेलं, कपावर तेच आलं. आता पितळेवर कोरलं की संपलंच. पितळ काही कुणी खोडत नाही.

पण आधी ते चालायला हवं होतं. पहिला बार "फुस्स" झाला, आजारी मांजरासारखा. आतला चामडी वॉशर वाळून पापड झाला होता. नवऱ्याच्या जुन्या कमरपट्ट्याचा बळी दिला, गोल चकती कापली, तेलात मुरवली, बसवली. मागच्या अंगणात रद्दीने ठासलेलं खोकं भिंतीला टेकवलं, सगळ्यांना मागे उभं केलं. फट्! खोक्याला भोक! मी सासूबाईंना मिठीच मारली.

"पुरे, पुरे. तेलकट हात," त्या म्हणाल्या. पण त्यांची नजर भोकावर होती, आणि ती नजर माझ्या नेमाला नापास करत होती.

शनिवारी सेक्रेटरी आले. पिस्तूल बघून त्यांना खुर्चीत बसवेना. "काका, हे म्हणजे... हे म्हणजे..." एवढंच बोलत अंगणात फेऱ्या मारू लागले. "आधी एकदा तुमच्या हातून होऊन जाऊ द्या!"

मी खोक्यावर पुठ्ठ्याचं कार्ड टाचलं. सासऱ्यांनी पिस्तूल उजव्या हातात घेतलं. मूठ बोचली असणार, चेहरा वाकडा झाला. पहिला छर्रा भिंतीला. दुसरा कुठे गेला ते त्यालाच ठाऊक.

"वारा आहे आज," सासरे म्हणाले.

"आहे खरा," नवरा म्हणाला. दोरीवरचा टॉवेल हलतही नव्हता.

"खांदा उचलताय," सासूबाई मागून म्हणाल्या. "तेव्हाही उचलायचात."

"मग तू मार ना!"

सासरे बोलून गेले आणि स्वतःच दचकले. सासूबाईंनी पदराला हात पुसले. पिस्तूल घेतलं, डाव्या हातात. श्वास सोडला. फट्. मी छर्रा भरून दिला. फट्. पुन्हा भरला. फट्! कार्डाच्या मधोमध तिन्ही भोकं एकमेकांना खेटून, एका मटाराखाली झाकतील अशी. मी उड्या मारत होते. सासूबाई हसल्या. तोंड दाबून नव्हे, खळखळून, एखाद्या कॉलेजातल्या मुलीसारख्या.

सेक्रेटरींनी मुठीकडे पाहिलं, सासूबाईंच्या हाताकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "आज हवा छान आहे, नाही?" म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "तर काका, पाटीवर तुमचं नाव. कपावर आहे तसंच घालतो."

सासूबाई हसायच्या थांबल्या. "मटार राहिलेत," म्हणत त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि आत वळल्या.

सासरे कार्डापाशी गेले. त्यांनी करंगळी त्या तीन भोकांना लावून पाहिली.

"अगं, थांब," ते म्हणाले. मग सेक्रेटरींकडे वळले. "नाव हिचं घाला. नेम सगळे हिचे. मी नुसती पाकिटांवर तिकिटं चिकटवली."